वडूजला आहे काय?

ऑफिसात लाँग वीकेन्डचे बेत सुरू झाले की नावं ठरलेली असतात. लोणावळा, अलिबाग, पाचगणी आणि फारच 'हटके' व्हायचं असेल तर तारकर्ली. त्यात कुणी मधेच 'वडूज' म्हटलं की दोन सेकंद शांतता पसरते. मग एकजण विचारतो, "हे कुठे आलं?" आणि ज्याला ठाऊक असतं तो विचारतो, "तिथे आहे काय पण?"

प्रश्न रास्त आहे. वडूज म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्याचं मुख्य ठिकाण. येरळा नदीकाठचं गाव. बाजारपेठ, एसटी स्टँड, तहसील कचेरी, चहाच्या टपऱ्या. समुद्र नाही, धबधबा नाही, स्ट्रॉबेरी तर नाहीच. याच जिल्ह्यात महाबळेश्वर वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस अंगावर घेतं आणि तिथून सरळ रेषेत नव्वदेक किलोमीटरवरच्या या माणदेशी पट्ट्यात पाऊस पाचशेच्या आसपास रेंगाळतो, तोही मूड असेल तर. ढगांची सगळी शॉपिंग सह्याद्रीच करून टाकतो. इकडे येईपर्यंत पिशवी रिकामी!

तरीही मी तुम्हाला वडूजला जा असं सांगणार आहे. त्यातही शक्य असेल तर ऑक्टोबरात, कोजागिरीनंतरच्या आठवड्यात. या दिवसांत परतीचा पाऊस पडून गेलेला असतो, माळावर गवत असतं, आणि पंधरा-वीस किलोमीटरवरच्या औंधला गाणं असतं. मला स्वतःला तीन गोष्टींचं वेड आहे. जमिनीवर कोरलेल्या-काढलेल्या मोठाल्या आकृत्या, जलरंग आणि तंतुवाद्यं, त्यातही व्हायोलिन. हे तिन्ही एका ठिकाणी मिळावं म्हणून लोक युरोपची तिकिटं काढतात. मी पुण्याहून दीडेकशे किलोमीटर गाडी चालवली. कोरेगाव सोडलं की वर्धनगडाचा घाट, मग पुसेगाव, आणि पुढे रस्ता जो मोकळा होतो तो थेट क्षितिजापर्यंत.

आमच्या टीममधला एकजण मूळचा वडूजच्या बाजूचा. त्याला आम्ही 'वडूजकर' म्हणतो, तो चिडतो. त्याचं गाव तालुक्यातलंच, टेकडीच्या पायथ्याचं. मुक्काम त्याच्या घरी. पोचल्या पोचल्या काकूंनी हुलग्याचं माडगं पुढे केलं आणि काकांनी विचारलं, "काय बघायला आलाय म्हनायचं पावनं?"

म्हटलं, "तुमची टेकडी."

काकांनी माझ्याकडे नीट बघितलं. "टेकडी?"

*

सांगते. जगात 'लँड आर्ट' नावाचा एक प्रकार आहे. कॅनव्हास नाही, गॅलरी नाही. जमीन हाच कागद. यातलं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे रॉबर्ट स्मिथसन या अमेरिकन कलावंताची 'स्पायरल जेटी'. १९७० साली त्याने यूटामधल्या ग्रेट सॉल्ट लेकमध्ये काळ्या दगडांचा आणि मातीचा एक प्रचंड गोगलगायी आकार टाकला. लांबी १५०० फूट, रुंदी १५ फूट. दोन-तीन वर्षांत तळ्याचं पाणी चढलं आणि आख्खं काम बुडालं. पुढे २००२ च्या सुमारास दुष्काळ पडला, पाणी ओसरलं, आणि मिठाने पांढरी झालेली ती वेटोळी पुन्हा वर आली. दगड कुठला होता माहितीये? बेसाल्ट. आपल्या दख्खनचाच काळा कातळ, तिथल्या ज्वालामुखीचा.

दुसरा माझा आवडता माणूस रिचर्ड लाँग. १९६७ मध्ये हा पठ्ठ्या एका गवताळ मैदानात सरळ रेषेत येत-जात राहिला, गवत दबून रेघ दिसेपर्यंत. तिचा फोटो काढला. झालं, ते त्याचं शिल्प! (आपल्याकडे शेळ्या हे रोज करतात, पण त्यांना कुणी ब्रिटिश कलावंत म्हणत नाही.) थट्टा सोडा. याच लाँगला आपल्या वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांच्या कामात आपला भाऊबंद दिसला आणि २००३ साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फला दोघांचं एकत्र प्रदर्शन झालं.

आणि आपल्याकडे जुनं काही नाही असं मुळीच समजू नका. रत्नागिरीच्या सड्यांवरची कातळशिल्पं आता बऱ्याच जणांना ठाऊक झालीयेत. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आहे, आणि ही शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. गोव्यात उसगाळीमळला कुशावती नदीकाठच्या कातळावर चक्रव्यूह कोरलाय. सोलापूरजवळ बोरामणीच्या माळावर लहान दगड मांडून केलेला पंधरा फेऱ्यांचा गोल चक्रव्यूह २०२५ च्या डिसेंबरात बातम्यांत आला. माळरानाच्या माणसाला जमिनीवर रेघ ओढायचा नाद फार जुना आहे.

आता काकांच्या टेकडीकडे येऊ. लांबून बघितलं तर तिच्यावर कुणीतरी कंगवा फिरवल्यासारखं दिसतं. एकाखाली एक, टेकडीच्या प्रत्येक वळणाबरोबर वळणाऱ्या, कुठेही एकमेकींना न छेदणाऱ्या रेघा. जवळ गेलात की कळतं, हे चर आहेत. सरकारी भाषेत 'सलग समतल चर', गावच्या तोंडी 'शीशीटी'. टेकडीवर पडलेला पाऊस धावत सुटतो आणि माती घेऊन खाली पळतो. त्याला अडवायचं, थांबवायचं, जमिनीत मुरायला लावायचं, म्हणून उताराला आडवे खोदलेले गुडघाभर खोलीचे चर, आणि निघालेल्या मातीचा खालच्या अंगाला बांध.

यात गंमत अशी की ही रेघ डोळ्यांच्या अंदाजाने ओढता येत नाही. चराचा प्रत्येक बिंदू एकाच उंचीवर हवा. एका टोकाला वीतभर जरी उतार राहिला तर सगळं पाणी तिकडे जमतं, बांध फोडतं आणि होतं त्याहून जास्त वाटोळं करतं. मग समान उंची शोधायची कशी? दोन काठ्या, त्यांना पट्टीसारख्या खुणा, मधे पाणी भरलेली पारदर्शक नळी. एका माणसाने काठी रोवून उभं राहायचं, दुसऱ्याने दुसरी काठी घेऊन वर-खाली सरकायचं. दोन्ही नळ्यांत पाणी सारख्या खुणेवर आलं की ती जागा बरोबर. तिथे फक्कीची चिमूट टाकायची. अशा चिमटी जोडत जोडत गेलं की टेकडीवर आपोआप पांढरी वेलांटी उमटते. मग कुदळ. थोडक्यात, चित्र पाण्यानेच काढायचं, पाण्यासाठी.

हे सगळं कुणी केलं तर गावाने. पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ ते २०१९ अशी चार वर्षं चालली. पहिल्या वर्षी तीनच तालुके होते, आपल्या शेजारचा कोरेगाव त्यात होता आणि तिथलं वेळू पहिलं आलं. २०१७ ला खटाव आणि माण उतरले. त्या वर्षी खटावच्या भोसऱ्याने दुसरा नंबर विभागून घेतला. हो, सरसेनापती प्रतापराव गुजरांचं भोसरे तेच! २०१८ ला माणमधली टाकेवाडी राज्यात पहिली. स्पर्धेचा काळ ४५ दिवसांचा, तोही ८ एप्रिल ते २२ मे. या भागात एप्रिल-मे म्हणजे काय हे ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. लोक पहाटे चार-पाचला टेकडीवर चढायचे नि ऊन तापायच्या आत खाली यायचे. बरेचजण रात्रीही बॅटऱ्या लावून खोदायचे.

२०१८ च्या १ मेला शहरातल्या लोकांना 'जलमित्र' म्हणून बोलावलं होतं. महाराष्ट्रभर हजारो गेले. त्यात आमच्याही ऑफिसची एक बस होती. टोप्या, सनस्क्रीन, सेल्फी, सगळं होतं. तीन तासांत माझ्या वाट्याला चार-साडेचार फूट चर आला आणि हाताला सहा फोड. शेजारी साठीच्या एक मावशी पदर खोचून शांतपणे माझ्या तिप्पट काम करत होत्या, आणि मधेच माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पोरी, कुदळीला भांडू नको. तिला पडू दे." आजवर मिळालेल्या सगळ्या ट्रेनिंगमध्ये इतका नेमका सल्ला मला कुणी दिलेला नाही.

त्या मावशी या खेपेला काकांच्या ओट्यावर भेटल्या. त्यांच्या सासूबाईंनी १९७२ च्या दुष्काळात रोजगारासाठी खडी फोडलेली. मी माझं 'लँड आर्ट'चं भाषण दिलं, स्पायरल जेटीचा फोटो दाखवला. मावशींनी मोबाइल लांब धरून, जवळ धरून बघितला.

"यात पानी साटतंय का?"

"नाही. शोभेचं आहे. म्हणजे... बघायचं."

"बरं हाय," असं म्हणून त्यांनी मोबाइल परत दिला. मग थोड्या वेळाने, "आमच्या सासूनं फोडलेली खडी सडकंला गेली. कुनाच्या, कुटं, काय म्हाईत न्हाय. ह्यो चर मातूर मला दारातनं दिसतो."

काका म्हणाले, "ताई, तुमी म्हंता ते आर्ट-बिर्ट आपल्याला कळत न्हाय. पन रेघ चुकली की पानी पळतंय, येवढं कळतंय."

मला विचाराल तर यालाच मी आर्ट म्हणते. पण हे शहरात बसून म्हणणं सोपं आहे, याची मला पूर्ण कल्पना आहे. कुणाच्या तरी घामाला सुंदर नाव द्यायचं आणि फोटो काढून निघून जायचं, यात एक प्रकारचा आगाऊपणा आहेच. म्हणून मी दुसऱ्या दिवशी पहाटे वडूजकरबरोबर वर चढले, नीट बघायला. आणि वर गेल्यावर जे दिसलं ते फोटोत दिसत नाही. जवळपास निम्मे चर बुजत आलेत.

बुजणारच. पाऊस माती आणतो, माती चरात बसते, म्हणूनच तर ते खोदले. दर एक-दोन वर्षांनी गाळ काढायला लागतो. त्या ४५ दिवसांत आख्खं गाव होतं, स्पर्धा होती, टीव्हीवाले होते. आता गाळ काढायला स्पर्धा नाही. आणि हा सगळा पट्टा मुळातच बाहेर गेलेल्या माणसांचा. खटाव, खानापूर, आटपाडी इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सोनं-चांदी गाळायच्या गलाई धंद्यात देशभर पांगलेली. यात्रेला येतात, परत जातात. वडूजकर आयटीत गेला, तोही त्याच रांगेतला.

वर उभे असताना तो म्हणाला, "बाबा म्हणतायत, वरचं रान विकून टाकू. कोण बघणार?"

"मग?"

"मग काय. विकलं तर घेणारा आधी जेसीबीने सपाट करेल." त्याने पायाने चरातला एक दगड बाजूला केला. "ही माझ्या आईची रेघ आहे, वरून सातवी. ती नळीचं दुसरं टोक धरायची."

चराच्या एका टोकाला परवाच्या पावसाचं पाणी अजून साठलेलं होतं. आभाळाचा लांब, अरुंद, किंचित वाकडा तुकडा. आम्ही खाली आलो तेव्हा काका दारातच होते. वडूजकरने त्यांना विचारलं, "टिकाव कुटं ठिवलाय?" काका काही बोलले नाहीत, फक्त गोठ्याकडे बोट केलं. रानाचं पुढे काय ठरलं ते अजून ठरायचंय. पण त्या सकाळी सातव्या रेघेतला बारा-पंधरा फूट गाळ निघाला, आणि यावेळी माझ्या हाताला फोड फक्त दोन आले.

*

जलरंगांचं वेड असणाऱ्यांसाठी एक टिप. या भागात दुपारी पेंटिंग करायच्या भानगडीत पडू नका. हवा इतकी कोरडी की वॉश कागदावर पसरायच्या आत वाळतो आणि कडा उमटतात. सकाळी नऊच्या आत, किंवा थेट संध्याकाळी. वडूजपासून जवळच येरळवाडीचा तलाव आहे, हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी उतरतात. मी ऑक्टोबरात गेले तेव्हा ते आलेले नव्हते, पण उथळ पाणी, काळे दगड आणि पिवळं गवत एवढं मला पुरलं. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरिन, दोनच रंग घ्या. दोन्ही मिसळून जो करडा मिळतो तो इथल्या कातळाचा नेमका रंग आहे. निळा थोडा जास्त पडला तर सावलीतला, तपकिरी जास्त पडला तर उन्हातला. ट्यूबमधला काळा घरीच ठेवा.

जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत, निदान जुन्या शिस्तीचे लोक तरी. उजेड म्हणजे न रंगवलेला कागद. त्यामुळे कुठे काही करायचं नाही, हे ब्रश हातात घ्यायच्या आधी ठरवावं लागतं. 'अनडू' नाही. आमच्यासारख्या दिवसभर कंट्रोल-झेड दाबणाऱ्यांना हा केवढा धक्का असतो! पुण्यात मिलिंद मुळीकांची पुस्तकं पुढ्यात ठेवून रविवारी सकाळी नदीकाठी, वाड्यांसमोर बसणारी आमच्या वयाची मंडळी तुम्ही पाहिली असतील. त्यातली निम्मी याच धक्क्यासाठी येतात असं माझं मत आहे.

पण खरी मेजवानी औंधला. यमाईच्या डोंगरावर चढताना वाटेतच श्री भवानी वस्तुसंग्रहालय लागतं. एवढ्याशा गावात हे काय आहे, असं आत शिरताच वाटतं. राजा रविवर्मांची मूळ तैलचित्रं, पहाडी लघुचित्रं, महादेव विश्वनाथ धुरंधरांची कामं आणि, बसा खाली, हेन्री मूरचं 'मदर अँड चाइल्ड'. विसाव्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या शिल्पकारांपैकी एकाचं दगडी शिल्प, खटाव तालुक्यात!

हे सगळं जमवलं औंध संस्थानचे राजे भवानराव श्रीनिवासराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी. १८६८ चा जन्म. सूर्यनमस्कारांचा जगभर प्रचार करणारा, स्वतः कीर्तन करणारा आणि स्वतः चित्रं काढणारा राजा. त्यांच्या चित्रांचं 'चित्ररामायण' १९१६ साली छापलं गेलं. वेरूळ आणि अजिंठ्यावर त्यांनी पुस्तकं लिहिली. संग्रहालय उभं राहिलं १९३८ मध्ये. आणि त्याच सुमारास या माणसाने आणखी एक गोष्ट केली. राज्य देऊन टाकलं. गांधीजींच्या सल्ल्याने, मुलगा अप्पा पंत आणि मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलिश इंजिनिअरच्या मदतीने राज्यघटना तयार झाली आणि १९३९ च्या जानेवारीत बहात्तर गावांच्या या छोट्या संस्थानात सत्ता प्रजेच्या हाती गेली. देश स्वतंत्र व्हायला आठ वर्षं बाकी होती. आटपाडीजवळची स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत याच प्रयोगातली. व्ही. शांतारामांना 'दो आँखें बारह हाथ' तिथूनच सुचला.

या दुष्काळी मुलखात, जिथे लोकांना प्यायला पाणी नाही, तिथे राजाने चित्रं कशाला विकत घ्यावीत? मी हा प्रश्न मुद्दाम स्वतःला विचारला, कारण उत्तर सोयीचं नाही. पैसा शेवटी रयतेचाच होता. पण या राजाने चित्रं मुंबईच्या बंगल्यात टांगली नाहीत. देवीला जाणाऱ्या शेतकऱ्याच्या वाटेवर टांगली. मी उभी होते तेव्हा नवसाला आलेलं एक कुटुंब आत शिरलं, ओटी-नारळाच्या पिशव्या घेऊन. आजींनी रविवर्म्यासमोर हात जोडले. नातवाने मूरच्या शिल्पाकडे बोट दाखवून विचारलं, "हिचं तोंड कुटं गेलं?" बापाने क्षणभर विचार केला. "बाळाकडं बघती ती." कला-समीक्षा याहून वेगळी काय असते?

धुरंधरांसमोर मात्र मी जास्त वेळ घालवला. कोल्हापूरचा हा माणूस (१८६७–१९४४) जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला, तिथेच शिकवता झाला. ऑटो रॉथफील्डच्या 'विमेन ऑफ इंडिया' या १९२० च्या पुस्तकासाठी त्याने देशभरच्या बायका जलरंगात रंगवल्या, आणि पुस्तकाचा मजकूर कधीच शिळा झाला तरी ती चित्रं अजून ताजी आहेत. धुरंधर बघताना कापडाकडे बघा. लुगड्याची निरी, तिच्यातून दिसणारा गुडघ्याचा भार, चालण्याचा वेग. पाच-सहा फटकाऱ्यांत. चेहरा तो नंतर करत असावा असं वाटतं, आधी चाल.

जलरंग फार नाजूक. उजेडाने उडतात. म्हणून जगभरची संग्रहालयं अशी चित्रं पन्नास लक्सच्या आसपासच्या मंद प्रकाशात ठेवतात, म्हणजे आपल्या ऑफिसच्या ट्यूबलाइटच्या दहावा हिस्सा. तेव्हा अंधुक दिसतंय म्हणून कुरकुरू नका. आत शिरल्यावर पाच मिनिटं नुसते उभे राहा, डोळे सरावतात. आणि जाण्याआधी सुटीचा वार विचारून घ्या, संग्रहालय सरकारी आहे.

वडूज गावात मी चित्र काढायला बसले नाही. तहसील कचेरीच्या परिसरात ९ सप्टेंबर १९४२ ला, वडगावच्या परशुराम घार्गेंच्या नेतृत्वाखाली आलेल्या मोर्च्यावर गोळीबार झाला आणि नऊजण गेले. त्यांचं स्मारक आहे. तिथे जावं, नावं वाचावीत, निघावं.

*

आता व्हायोलिन. औंधला व्हायोलिन कुठून आलं, असं तुम्ही विचाराल.

औंध दरबारचे गायक होते अनंत मनोहर जोशी, सगळे त्यांना अंतूबुवा म्हणत. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य, म्हणजे अस्सल ग्वाल्हेर. त्यांचे गुरुमहाराज शिवानंद स्वामी, आणि त्यांच्या स्मरणार्थ अंतूबुवांनी १९४० पासून औंधला संगीत उत्सव सुरू केला. अंतूबुवांचा मुलगा गजाननबुवा जोशी (१९११–१९८७). हा माणूस ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तीन घराण्यांची गायकी पचवून गायचा, आणि वर व्हायोलिनही वाजवायचा. नुसतं साथीला धरायचं म्हणून नाही. हिंदुस्थानी संगीतात व्हायोलिनला स्वतंत्र मैफलीचं वाद्य म्हणून ज्यांनी उभं केलं, त्यांत गजाननबुवांचं नाव अगदी वरचं. उल्हास कशाळकरांसारखे शिष्य त्यांच्याकडून गाणं घेऊन गेले.

तुम्ही एनसीपीएला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया ऐकला असेल. २००६ साली सुरू झालेला हा आपल्याकडचा व्यावसायिक ऑर्केस्ट्रा. तिथे तंतुवाद्यांची फौज असते. पहिली व्हायोलिनं, दुसरी व्हायोलिनं, व्हायोला, चेलो, मागे उभे डबल बास. बघायला जातानाच एक गोष्ट जरूर बघा. सगळ्यांचे गज एकाच वेळी एकाच दिशेने जातात. वाऱ्यात ज्वारीचं रान हलावं तसे. तिथे एकट्या व्हायोलिनने वेगळं दिसायचं नसतं.

गजाननबुवांचं व्हायोलिन याच्या बरोबर उलट. वाद्य तेच. पोट स्प्रूसचं, पाठ मेपलची, चार तारा, घोड्याच्या केसांचा गज. पण माणूस मांडी घालून खाली बसलेला, वाद्याचं टोक पावलाजवळ टेकलेलं, आणि तारा पाश्चात्त्य पद्धतीने न लावता सा-प-सा-प अशा जोडीने लावलेल्या. व्हायोलिनला पडदे नसतात. गिटारवर बोट ठेवलं की सूर ठरला, इथे बोट केसभर सरकलं की सूर सरकला. शिकणाऱ्याचा यात जीव जातो, पण गायकीला याच्याहून सोयीचं काही नाही. मींड अखंड निघते, गळ्यातून निघावी तशी. बुवांची जुनी रेकॉर्डिंग्ज नेटवर आहेत. औंधच्या वाटेवर गाडीत मी तीच लावली होती, आणि मागच्या सीटवरचा वडूजकर, ज्याला क्लासिकलचा कंटाळा आहे असं तो दर आठवड्याला जाहीर करतो, दहा मिनिटांनी म्हणाला, "अरे, हा बोलतोय."

हेच ते. बंदिशीचे शब्द ठाऊक असणारा माणूस वाजवतो तेव्हा गज कुठे उलटवायचा हे शब्द ठरवतात. मुखड्यावर येताना बुवा घाई करत नाहीत. आता समेची जागा हुकली असं वाटेपर्यंत थांबतात, आणि मग बरोबर तिथे, अंगणात उतरावं तसे उतरतात. त्यांचा आवाज काही रेशमी-बिशमी नाही. जरा खरबरीत, माळरानी. ज्यांना व्हायोलिन म्हणजे फक्त सिनेमातला रडका प्रसंग एवढंच ठाऊक आहे त्यांनी मुद्दाम ऐकावं.

सुरांच्या मागे तंबोरा असतो, आणि तो बहुतेकदा मिरजेचा. सांगली जिल्ह्यातल्या मिरजेत दीडेकशे वर्षांहून जास्त काळ सतार-तंबोरे बनतायत, आणि २०२४ मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्याचा भोपळा शेतात पिकतो, पंढरपूर-सोलापूरकडच्या रानात. भोपळा मोठा व्हायला आणि नीट वाळायला लागतो, त्यामुळे त्या भागात पाऊस कसा झाला याचा संबंध पुढच्या वर्षीच्या मैफलीशी आहे! वडूजहून मिरज शंभरेक किलोमीटर, वेगळा दिवस काढा. सतारमेकर गल्लीत नुसतं फिरलात तरी कान भरतात.

औंधचा उत्सव अश्विन वद्य पंचमीच्या सुमाराला असतो. तारीख दर वर्षी बदलते, तेव्हा कॅलेंडर बघा. तिकीट नाही. व्हीआयपी सोफे, स्पॉन्सरांचे फुगे, सेल्फी पॉइंट, यातलं काही शोधू नका. बैठक जमिनीवर, पुढे गायक, मागे डोंगर. मुंबई-पुण्याचे जाणकार आणि गावातली शेतकरी मंडळी शेजारी शेजारी बसलेली असतात आणि दाद कुणाची आधी जाते हे सांगता येत नाही. माझ्या शेजारी टोपी घातलेले एक आजोबा डोळे मिटून होते. मला वाटलं, झोपले. समेवर त्यांचा हात गुडघ्यावर बरोबर पडला.

रात्री थंडी पडते, शाल घ्या. चहा मिळतो. मोबाइलला रेंज येते-जाते. गाणं उशिरापर्यंत चालतं, आणि पहाटेच्या रागांसाठी थांबलात तर उजाडताना यमाईच्या डोंगरावर चढून जा. पूर्वेला वडूजकडचा सगळा माळ दिसतो. सूर्य तिरपा असतो, त्यामुळे लांबच्या टेकड्यांवरच्या रेघा त्या एवढ्या अर्ध्या तासातच स्पष्ट दिसतात. जिथे चर उघडा आहे तिथे सावली पडते, जिथे बुजलाय तिथे पडत नाही. वडूजकर डोळे बारीक करून त्याच्या टेकडीवरच्या रेघा वरून मोजत होता. सातपर्यंत आला आणि पुढे मोजायला लागला.